परदेशातील इलेक्टिव्ह : आधी देखरेख कोणाची, ते विचारावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याला घोडबंदर रोडवर राहणाऱ्या एका भगिनींची मुलगी नवी मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या भागात शिकते आहे. एका एजन्सीने तिला पूर्व आफ्रिकेतील एका रुग्णालयात चार आठवड्यांची इलेक्टिव्ह (विद्यार्थ्याने स्वतः निवडून करायचे अल्पकालीन प्रशिक्षण) देऊ केली असून ‘प्रसूती, टाके, शस्त्रक्रियेत मदत, सगळे स्वतःच्या हाताने करायला मिळेल’ असे सांगितले आहे. मुलीचा स्वतःचा ओढा अमेरिकेकडे आहे, कारण पुढे तिकडेच रेसिडेन्सी (रुग्णालयातील पदव्युत्तर प्रशिक्षण) करण्याचा तिचा विचार आहे. यांतले काय निवडावे, कॉलेज ते ग्राह्य धरेल का, आणि एवढ्या खर्चाच्या मानाने खरोखर पदरात काय पडते, असे त्यांनी विचारले आहे.

मी नवी मुंबईतच मेडिसिन विभागात शिकवतो, आणि विद्यार्थ्यांच्या इलेक्टिव्हच्या अर्जांवर सही करण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

एजन्सीच्या प्रस्तावाबद्दलचे मत आधीच सांगतो : तो स्वीकारू नये. आफ्रिकेत जाण्याला माझा मुळीच विरोध नाही, तिथल्या चांगल्या शिक्षण-रुग्णालयांतून आपल्या मुलांनी शिकावे असे पुष्कळ आहे. माझा आक्षेप आहे तो ‘सगळे स्वतःच्या हाताने’ या आश्वासनाला. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला कळव्याच्या किंवा नेरूळच्या प्रसूतिकक्षात कोणी एकटीने प्रसूती करू देत नाही, रेसिडेंट शेजारी उभा असल्याशिवाय टाके घालू देत नाही, आणि ते योग्यच आहे. मग विमानातून समुद्र ओलांडला म्हणून तिची पात्रता वाढली, असे कसे मानायचे? तिथे गेल्यावर बदलते ते एवढेच की समोरच्या बाईला ‘ही अजून शिकते आहे, मला दुसरे कोणी बघू दे’ असे म्हणण्याची सोय नसते, तिला मुलीची भाषा समजत नसते, आणि पांढरा कोट घालून परदेशातून आलेली व्यक्ती डॉक्टरच असणार असा तिचा समज झालेला असतो. अशा रुग्णावर हात बसवून घेणे हे शिक्षण नव्हे.

श्रीमंत देशांतील विद्यार्थी गरीब देशांत जाऊन आपल्या वकुबापलीकडची कामे करतात, यावर वैद्यकीय नियतकालिकांत बरीच वर्षे चर्चा चालू आहे. जागतिक आरोग्य-प्रशिक्षणाच्या नीतितत्त्वांवर काम करणाऱ्या ‘वेट’ या गटाने २०१० मध्ये त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. त्यांतील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग यजमान रुग्णालयावर पडणाऱ्या भाराचा आहे. जिथे साऱ्या वॉर्डाला दोन डॉक्टर आहेत, तिथे एक डॉक्टर पाहुण्या विद्यार्थिनीला समजावून सांगण्यात तासभर घालवतो, तेव्हा तो तास रुग्णांच्या वाट्यातून जातो. एजन्सीने घेतलेल्या पैशांतून त्या तासाचा मोबदला रुग्णालयाला किती पोहोचतो, हे विचारून पाहावे; उत्तर देण्याची टाळाटाळ झाली तर त्यातच काय ते समजावे. आपल्याकडे ही चर्चा फारशी होत नाही, कारण आपण स्वतःला अजून यजमानांच्या रांगेत धरतो. पण ठाण्याची मुलगी पैसे भरून केनियाला जाते, तेव्हा ती त्या रांगेतून उठून पाहुण्यांच्या पंगतीत बसलेली असते.

आमच्या वॉर्डात मध्यंतरी ब्रिटनहून अंतिम वर्षाचा एक विद्यार्थी आला होता. पावसाळ्याचे दिवस, डेंग्यूचे रुग्ण जमिनीवरच्या गाद्यांपर्यंत आलेले, आणि इंटर्नची धावपळ चाललेली. एका इंटर्नने त्याच्या हातात सलाईनची सुई दिली आणि ‘घे, तू लाव’ म्हणाला. त्या मुलाने ट्रे शांतपणे खाली ठेवला आणि सांगितले की त्याच्या देशात तो हे काम करतो, परंतु इथे त्याला निरीक्षक म्हणून परवानगी आहे आणि रुग्णालाही कोणी विचारलेले नाही. हात धरून ठेवायला तो तयार आहे. आमच्या मुलांना थोडे हसू आले. त्यानंतर तो त्या रुग्णाच्या पत्नीजवळ बसला, मोडक्यातोडक्या हिंदीत आणि खुणांनी विचारत त्याने केसपेपरच्या पाठकोऱ्या बाजूला तासांचे रकाने आखले, आणि किती पाणी प्यायले, किती लघवी झाली, हे लिहून ठेवायला सुरुवात केली. संध्याकाळच्या राउंडला रजिस्ट्रारने दिवसभराच्या लघवीचे प्रमाण विचारले, तेव्हा ते नेमके लिहिलेले त्या एकाच कागदावर सापडले. डेंग्यूमध्ये सलाईन किती आणि कोणत्या वेगाने द्यायचे, हे ठरवताना इतर तपासण्यांबरोबर हे आकडेही लागतात, हे वैद्यकीय वाचकांना सांगायला नको. आपली मुलगी जिथे कुठे जाईल तिथे तिने असे वागावे, आणि तिला असे वागू देणारी जागा तिने शोधावी, असे मला वाटते.

कोणत्याही प्रस्तावाची पारख करताना एक प्रश्न लेखी विचारावा : त्या देशातील तिच्याच वर्षाच्या विद्यार्थ्याला जे करू दिले जाते, तेवढेच हिलाही करू दिले जाईल ना? ‘त्यापेक्षा जास्त’ असे उत्तर आले तर तिथेच थांबावे. जोडीला, देखरेख करणाऱ्या डॉक्टरचे नाव आणि त्याची नोंदणी, एजन्सीच्या नव्हे तर रुग्णालयाच्या लेटरहेडवरचे स्वीकृतिपत्र, आणि परदेशी विद्यार्थ्याला स्थानिक वैद्यकीय परिषदेची तात्पुरती परवानगी लागते का, या गोष्टी मागून घ्याव्यात. अनेक देशांत अशी परवानगी लागते आणि एजन्स्या ती गोष्ट बिनदिक्कत गाळतात.

आता अमेरिकेकडे वळू. इथे आधी एक फरक नीट लक्षात घ्यावा लागतो, कारण निम्म्या चुका त्यातून होतात. अजून कॉलेजात नाव असलेली अंतिम वर्षाची विद्यार्थिनी मेडिकल स्कूलच्या रुग्णालयात तिथल्या विद्यार्थ्यांसारखीच टीममध्ये बसते, हिस्टरी घेते, तपासते, राउंडला केस मांडते, आणि शेवटी तिचे रीतसर मूल्यमापन होते; ही खरी इलेक्टिव्ह. पदवी हातात आलेल्या डॉक्टरला मात्र बहुतेक ठिकाणी ऑब्झर्व्हरशिपच मिळते, म्हणजे रुग्णाला हात न लावता मागे उभे राहून पाहणे. रेसिडेन्सीच्या अर्जाला जोडायच्या शिफारसपत्राच्या दृष्टीने या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, कारण ज्याने तुम्हाला काम करताना पाहिलेच नाही तो तुमच्या कामाबद्दल काय लिहिणार? यूएसएमएलई या अमेरिकेतील डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेच्या स्टेप १ चा निकाल २०२२ पासून केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा लागतो, त्यामुळे निवड करणाऱ्यांचे लक्ष स्टेप २ च्या गुणांकडे आणि शिफारसपत्रांकडे अधिक वळले आहे. तेव्हा रेसिडेन्सी हेच खरे उद्दिष्ट असेल तर अमेरिकेतील इलेक्टिव्ह उपयोगी आहे, परंतु ती विद्यार्थिदशा संपण्याआधी करावी लागते, आणि म्हणून विचार आत्ताच, तिसऱ्या वर्षात, सुरू करणे योग्य आहे.

अर्ज बऱ्याच विद्यापीठांत तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेच्या ‘व्हीएसएलओ’ या संगणकीय व्यवस्थेतून होतात, काही विद्यापीठे थेट स्वीकारतात, आणि कित्येक विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांना घेतच नाहीत. काहींचा आग्रह आपल्या कॉलेजाशी करार असण्याचा असतो, काहींना स्टेप १ उत्तीर्ण झालेली हवी असते, आणि लसीकरणाचे तपशील, रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेचे प्रशिक्षण व व्यावसायिक दायित्वाचा विमा जवळजवळ सर्वत्र लागतो. शुल्क विद्यापीठागणिक फार बदलते आणि बहुधा परत मिळत नाही. त्यामुळे दहा ठिकाणी ठोकून अर्ज करण्यापेक्षा, ज्यांच्या अटी आपली मुलगी पूर्ण करते अशी तीन-चार ठिकाणे निवडणे शहाणपणाचे ठरते. व्हिसाच्या बाबतीत, मेडिकल स्कूलच्या रुग्णालयात विनामोबदला आणि प्राध्यापकांच्या देखरेखीखाली इलेक्टिव्ह करणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यासाठी अमेरिकेत बी-१ व्हिसाची तरतूद आहे; वांद्रे-कुर्ला संकुलातील मुलाखतीला विद्यापीठाचे पत्र घेऊन जावे आणि प्रवासाचे कारण स्वच्छ शब्दांत सांगावे. ‘फिरायला चालले आहे’ असे सांगण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये.

ब्रिटनमध्ये स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर इलेक्टिव्ह करता येते, मात्र ती विनावेतन असावी लागते आणि तिच्यात रुग्णावर उपचार करणे बसत नाही.

विद्यार्थी संघटनांचा एक तिसरा मार्ग आहे आणि तो पालकांना क्वचितच ठाऊक असतो. १९५१ मध्ये कोपनहेगनला स्थापन झालेली ‘आयएफएमएसए’ ही वैद्यकीय विद्यार्थी संघटनांची आंतरराष्ट्रीय महासंघटना साधारण चार आठवड्यांचे विनिमय कार्यक्रम चालवते, आणि भारतात तिची सदस्य ‘एमएसएआय’ ही संघटना आहे. यजमान देशातील विद्यार्थी पाहुण्याची राहण्याची आणि दिवसातून एका जेवणाची व्यवस्था करतात, आणि त्या बदल्यात आपणही त्यांच्याकडून येणाऱ्यांची करायची असते. रेसिडेन्सीसाठी या मार्गाचे वजन कमी असेल, परंतु पैशांच्या मानाने शिकणे भरपूर आणि देखरेख बहुधा विद्यापीठाच्या रुग्णालयाची. आपल्या मुलीला परदेशातील आरोग्यव्यवस्था पाहण्याची केवळ उत्सुकता असती, तर मी हाच मार्ग सुचवला असता.

कॉलेज ग्राह्य धरेल का, या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आवडणारे नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रमात इलेक्टिव्ह २०१९च्या तुकडीपासून आल्या, तेव्हा त्यांना दोन महिने दिले होते. नंतरच्या सुधारित नियमांत तो अवधी एक महिन्यावर आणला गेला, आणि तोही पंधरा-पंधरा दिवसांच्या दोन भागांत : पहिला प्रयोगशाळेत किंवा संशोधकाकडे, दुसरा क्लिनिकल विभागात. विषय आणि मार्गदर्शक कॉलेजने आधी ठरवून द्यायचे असतात, ७५ टक्के हजेरी लागते, आणि लॉगबुक सादर केल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही. अमेरिकेतील इलेक्टिव्ह बहुधा सलग चार आठवड्यांच्या असतात. हे दोन साचे एकमेकांत बसत नाहीत, आणि कोणी एजंट ‘कॉलेजचे आम्ही बघून घेऊ’ म्हणत असेल तर तो काहीही बघणार नाही, एवढे निश्चित.

त्यामुळे बहुतेक मुले आपल्या अधिकृत इलेक्टिव्ह इथेच पूर्ण करतात आणि परदेशी पोस्टिंग वेगळ्या वेळेत बसवतात. अंतिम परीक्षा आणि निकाल यांमधला काळ सोयीचा दिसतो, मात्र त्या काळात परदेशी विद्यापीठ तिला विद्यार्थिनी धरते की नाही, हे आधी पत्राने विचारावे. इंटर्नशिपमध्ये रजा पंधरा दिवसांची असते. त्याहून अधिक दिवस गेल्यास इंटर्नशिप तितकी लांबते, आणि इथल्या पीजी प्रवेशासाठी इंटर्नशिप पूर्ण होण्याची जी अंतिम तारीख असते, ती हुकली तर एक वर्ष गेलेच म्हणून समजावे. सत्र चालू असताना दांडी मारून जाण्याचा विचारही करू नये, कारण थिअरीला ७५ आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के हजेरीची अट आहे आणि डीनसुद्धा त्यात सूट देऊ शकत नाहीत.

आरोग्याच्या तयारीबद्दल आपण काही विचारलेले नाही, पण पालकांनी सर्वांत आधी विचारावे ते हेच. वॉर्डात सुई टोचणे ही अपवादाने घडणारी गोष्ट नाही. हेपेटायटिस बीची लस न घेतलेल्या व्यक्तीला बाधित रुग्णाची सुई टोचली, तर संसर्गाची शक्यता शंभरात ६ ते ३० इतकी असते. एचआयव्हीची हजारात सुमारे ३. पहिला धोका लसीने टळतो. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस झाल्यावर अँटी-एचबीएस ही लसीने आलेली प्रतिकारशक्ती मोजणारी रक्ततपासणी करून पातळी १० किंवा त्याहून अधिक आहे ना, ते पाहावे लागते, आणि आपल्याकडची कित्येक मुले डोस घेतात पण ही तपासणी कधीच करत नाहीत. पातळी कमी निघाली तर पुन्हा डोस, पुन्हा तपासणी, यात काही महिने सहज जातात. अमेरिकी विद्यापीठे हा अहवाल मागतातच, त्याशिवाय गोवर, कांजिण्या यांच्या प्रतिकारशक्तीचे पुरावे आणि क्षयरोगाची तपासणी. आपल्या मुलांना लहानपणी बीसीजी टोचलेली असल्याने त्वचेवरची चाचणी फसवी येऊ शकते. त्याऐवजी इग्रा ही रक्तचाचणी चालेल का, ते विचारून घ्यावे.

एचआयव्हीला लस नाही, वेळ हेच औषध आहे. प्रतिबंधक गोळ्या शक्यतो दोन तासांच्या आत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्याव्या लागतात. आमच्या एका विद्यार्थिनीला परदेशातील एका छोट्या रुग्णालयात शनिवारी दुपारी टाक्याची सुई टोचली. गोळ्या रुग्णालयात होत्या, पण कपाटात. किल्ली ज्याच्याकडे तो फार्मासिस्ट सोमवारी येणार होता. तिने मला फोन केला तेव्हा रडू आवरत नव्हते, आणि देखरेख करणाऱ्या डॉक्टरचा नंबरही तिच्याकडे नव्हता. शेवटी दुसऱ्या गावातल्या रुग्णालयात रात्री पहिली गोळी मिळाली आणि पुढचे सर्व अहवाल चांगले आले. तेव्हापासून मी कोणाच्याही अर्जावर सही करण्याआधी विचारतो की रविवारी रात्री सुई टोचली तर पहिली गोळी कुठे मिळेल आणि फोन कोणाला करायचा. याचे उत्तर देता येत नसेल तर अर्ज परत जातो. जिथे भरवसा नाही तिथे जाताना गोळ्यांचा संच डॉक्टरांच्या चिठ्ठीसह सोबत न्यावा.

केनिया किंवा युगांडासारख्या देशात कधी जायचे ठरले, तर पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रावर घ्यावी लागते. ते प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते, मात्र ते नसताना परतल्यास मुंबई विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. ‘आम्ही ठाण्याचे, मलेरिया आम्हाला नवा नाही’ हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. शहरात वाढलेल्या मुलीला आफ्रिकेतील फाल्सिपेरम मलेरियापासून त्याने कसलेही संरक्षण मिळत नाही, प्रतिबंधक गोळ्या घ्याव्याच लागतात.

फोटोंबद्दल एकच : रुग्णाचा, विशेषतः लहान मुलाचा, फोटो काढून समाजमाध्यमावर टाकणे हे इथे जितके गैर आहे तितकेच तिथेही. अमेरिकेत तर त्यावरून पोस्टिंग त्याच दिवशी संपू शकते.

खर्चाच्या मानाने पदरात काय पडते, हे उद्दिष्टावर अवलंबून आहे. रेसिडेन्सीचा निश्चय असेल आणि खरी इलेक्टिव्ह मिळत असेल, तर कर्ज न काढता झेपेल तेवढा खर्च करावा. निश्चय नसेल तर थांबावे, आणि अधिकृत महिन्याचा नीट उपयोग करावा. खारघरला टाटा मेमोरियलचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे संशोधन केंद्र आहे. प्रयोगशाळेच्या पंधरवड्यासाठी कॉलेजमार्फत तिथे विचारणा करता येईल. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचे आहे आणि आपल्या घरापासून रिक्षाने जाण्यासारखे आहे. डॉ. आरोळे दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला सुरू केलेल्या प्रकल्पात गावातील महिलांना आरोग्यसेविका म्हणून कसे तयार केले, हे पाहायला परदेशांतून विद्यार्थी येतात; डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या गडचिरोलीतील ‘सर्च’ने नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याची जी पद्धत घालून दिली, ती इतर देशांनीही अभ्यासली. आपली मुले मात्र तिथे जाण्याऐवजी चार आठवडे परदेशी ऑब्झर्व्हरशिपमध्ये भिंतीला टेकून उभी राहतात, याचे मला नवल वाटत आले आहे. अमेरिकेत जायचे असले तरी जव्हार-मोखाड्याच्या आरोग्य केंद्रात पंधरा दिवस काढलेल्या मुलीला तिथल्या मुलाखतीत सांगण्यासारखे बरेच काही असते.

या महिन्यात करण्यासारख्या गोष्टी दोनच आहेत. मुलीची अँटी-एचबीएस तपासणी करून घ्यावी, कारण पातळी कमी निघाली तर पुढचे वेळापत्रक तीच ठरवेल. आणि डीन ऑफिसला लेखी विचारावे की परदेशी विद्यापीठाला लागणारे बोनाफाईड, ट्रान्सक्रिप्ट आणि वर्तनाचे पत्र किती दिवसांत मिळते. काही कॉलेजांत त्यालाच दोन-तीन महिने लागतात, आणि अर्जाची मुदत तेवढ्यात निघून जाते.